रेल्वे फाटक आणि वाहनचालक

वडसा हे दीर्घ काळ गडचिरोली जिल्ह्यातील एकमेव रेल्वेस्थानक. म्हणून धानाची, बांबूची वाहतूक रुळांपाशी एकवटते. रखवालदार नसलेल्या फाटकाशी वाहन थांबवावे, वाहकाने वा क्लीनरने पायी पुढे जाऊन दोन्ही दिशा पाहाव्यात, सोबती नसल्यास चालकाने स्वतः उतरावे, असे मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १३१ सांगते. ट्रॅक्टरवर बहुधा एकटाच माणूस. इंजिनाच्या आवाजात गाडीची शिट्टी त्याला कोठून ऐकू येणार? ब्रॉडगेजवरील अशी फाटके जानेवारी २०१९ पर्यंत संपुष्टात आली. उरली ती अधीरता. बंद फाटक परस्पर उघडणाऱ्यास रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६० अन्वये तीन, तर तोडणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. धानाच्या हंगामापूर्वी ग्रामसभेत हे कलम वाचून दाखविणे अगत्याचे आहे.