छातीत पाणी होते म्हणजे काय?



आज आपण श्वासाविषयी बोलू. जन्मल्यापासून आपण श्वास घेतो. पण तो चालतो कसा, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

लोहाराचा भाता आठवा. भाता आपण होऊन हवा घेत नाही. कोणीतरी तो ओढावा लागतो. फुप्फुसाचेही तसेच. त्याला फुगायचे स्वतःचे बळ नाही. छातीच्या तळाशी श्वासपटल नावाचा मांसल पडदा आहे. तो खाली जातो, बरगड्या वर उचलल्या जातात, छाती मोठी होते. तिच्याबरोबर फुप्फुस ओढले जाते आणि हवा आत येते. मिनिटाला १५ श्वास धरले, तर दिवसरात्रीत २१,६०० होतात. आपल्या जुन्या योगग्रंथांतही हाच आकडा आहे.

पण छाती फुप्फुसाला ओढते कशी? दोघांना एकत्र शिवलेले तर नाही! फुप्फुसावर एक पातळ पडदा असतो, छातीच्या आतून दुसरा. दोहोंमध्ये दोन-चार चमचे ओलावा असतो. दोन काचा ओल्या करून एकमेकींवर ठेवून पाहा. त्या सरकतील, पण ओढून सहज सुटणार नाहीत. तसेच हे.

या जागेत जास्त पाणी साठले, की फुप्फुस दबते. हवा शिरली तरी तेच होते. हवा शिरली तर एकाएकी छातीत कळ येते, धाप लागते. तेव्हा क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

आता माझी चूक सांगतो. १९८४ साली माझ्या धाकट्या भावाच्या कुशीत दुखू लागले. श्वास घेतला की कळ यायची. संध्याकाळी ताप, कोरडा खोकला. मी म्हणालो, "उसण भरली असेल." गरम विटेने शेकले. आठ दिवसांनी दुखणे थांबले. आम्हांला वाटले, बरा झाला. पण कर्नाळ्याचा किल्ला धावत चढणारा पोरगा घराची पायरी चढताना धापा टाकू लागला.

डॉक्टर म्हणाले, "मास्तर, आधी पडदे एकमेकांवर घासत होते, म्हणून दुखत होते. मध्ये पाणी भरले, घासणे थांबले. दुखणे गेले, रोग वाढला."

शिकलेला मी, पण हे मला ठाऊक नव्हते.

आईने सुईला विरोध केला. "एकदा पाणी काढले, की पुन्हा पुन्हा भरते," असे तिने ऐकले होते. खरे म्हणजे पाणी सुईने भरत नाही, मूळ रोगाने भरते. जागा बधिर करून पाठीतून सुई घातली, पाणी काढले, तपासले. क्षय निघाला. औषध शेवटपर्यंत घेतले. भाऊ आज नातवंडे खेळवतो आहे.

आपल्याकडे छातीत पाणी होण्याचे क्षय हे एक मोठे कारण आहे. न्यूमोनिया, कर्करोग, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार यांनीही पाणी होते. म्हणून तपासणी हवीच. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. आपल्या पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयातही मिळतात. औषध बहुधा सहा महिने घ्यावे लागते. बरे वाटले म्हणून ते मध्येच सोडू नका.

घरी जाऊन एवढे सांगा: दुखायचे थांबले आणि दम लागू लागला, तर वीट तापवू नका. डॉक्टरकडे चला.