मुलांच्या हातातला फोन आणि आपल्या हातातला

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुलांनी फोन किती व कसा वापरावा, हा आजचा विषय चिटणीसबाईंनी मला कळवला तो फोनवरच, आणि तोही रात्री साडेदहा वाजता! तेव्हा फोनला नुसती नावे ठेवायला मी इथे उभी नाही. तेहेतीस वर्षे मी प्राथमिक शाळेत शिकवले. त्यातला बहुतेक काळ खडू-फळ्यावर गेला, आणि अखेरची दोन वर्षे याच चिमुकल्या यंत्राने निभावून नेली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा माझ्या वर्गात एकेचाळीस मुले होती. पुष्कळांच्या घरात फोन एकच, आणि तो वडिलांबरोबर कामावर जाणारा. म्हणून मी धडा रात्री नऊला पाठवी. एका मुलीची आई स्वतः जेमतेम दुसरी शिकलेली. ती लेकीबरोबर धडा ऐके आणि मागून मलाच शंका विचारी. त्या बाईची आठवण झाली की फोनला शिवी देण्याचा धीर मला होत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे नाव आपण ऐकलेच असेल. पाठ्यपुस्तकाच्या पानावर ठिपक्यांचा तो चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, छापून त्यातून कविता व पाठ मुलांपर्यंत पोचवण्याची युक्ती त्यांनी जिल्हा परिषदेच्या लहानशा शाळेत करून पाहिली. पुढे राज्याच्या पुस्तकांतही ते चौकोन आले. २०२० साली त्यांना दहा लक्ष डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली! आता आपल्यापैकी कितीजणींनी मुलाच्या पुस्तकातला तो चौकोन कधी उघडून पाहिला आहे, हे मी विचारत नाही. संकोच वाटेल.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. ती सांगावी की न सांगावी, याचा मी दोन दिवस विचार केला. २०१९ साली चौथीच्या वर्गाची गणिताची चाचणी झाली. एकेका पालकाला बोलावून गुण सांगण्याचा मला कंटाळा आला. मी गुणांच्या वहीच्या पानाचा फोटो काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकून दिला. वाटले, काम हलके झाले. त्या यादीत एका मुलाला वीसपैकी तीन गुण होते. संध्याकाळपर्यंत त्याच्या चाळीतली पोरे त्याला ‘तीन’ म्हणून हाका मारू लागली. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तिसऱ्या दिवशी नाही, आठ दिवस झाले तरी नाही. मी फोटो काढून टाकला खरा. पण तोवर तो कुणी बहिणीला, कुणी जावेला पाठवला होता. शेवटी मी त्याच्या घरी गेले. आईने चहा केला. मला एक शब्दही बोलली नाही. मुलगा दाराआडून बाहेर आला नाही. फळ्याजवळ उभी राहून मी त्याला हळूच सांगितले असते की बाळ, वजाबाकी कच्ची आहे, आपण करू, तर ते दोघांतच राहिले असते. दहाव्या दिवशी तो शाळेत आला, पण पुढे वर्षभर त्याने हात म्हणून वर केला नाही.

२०२३ साली आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकजण मूल धरला आहे, आणि मुलाची माहिती वापरण्यापूर्वी आईवडिलांची संमती घ्यावी असे म्हटले आहे. कंपन्यांना हे बंधन ठीकच. पण आपणच मुलाचा गणवेशातला फोटो, शाळेचे नाव आणि वाढदिवसाची तारीख एका दमात जगाला सांगतो, त्याचे काय? व्हॉट्सॲप किंवा इन्स्टाग्राम वापरायला त्यांच्याच नियमाप्रमाणे वय तेरा हवे. सातवीतल्या बारा वर्षांच्या मुलासाठी जन्मसाल खोटे घालून देतो कोण? बहुधा आपणच, आणि ते मूल शेजारी बसून पाहत असते. पूर्वी शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी सर्रास एक जून लिहीत. ते अज्ञान होते. हे अज्ञान नव्हे.

आलेला निरोप पुढे ढकलण्याची सवयही मुले आपल्याकडूनच उचलतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाच निरपराध भटक्या माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या दिवसांत फोनवरून फिरत होती. मुलांच्या काळजीनेच कितीएक आयांनी ती पुढे पाठवली असेल! त्यानंतर मी वर्गात एक तास ठेवला. घरी आलेला एखादा निरोप मुलांनी वहीत उतरवून आणायचा, आणि हे कोणी सांगितले, केव्हा, कुठे, हे तीन प्रश्न त्याला विचारायचे. पहिल्याच तासाला निम्म्याहून अधिक निरोप या प्रश्नांपुढे टिकले नाहीत. एका मुलाने तर माझाच निरोप आणला होता, आणि तोही टिकला नाही.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. महामारीनंतर शाळा उघडल्या, तेव्हा तिथल्या शिक्षकांच्या ध्यानात आले की मुलांचे वाचन-लेखनावरून मन उडाले आहे. सरपंचांनी संध्याकाळी काही वेळ फोन व टीव्ही बंद ठेवण्याचे सुचवले, तर पुरुषमंडळी हसली. मग बायकांची सभा घेतली. बायकांनी आपल्याही मालिका फार होतात हे मोकळेपणी कबूल केले, आणि बेत ठरला. ऑगस्ट २०२२ पासून देवळावरचा भोंगा सायंकाळी सातला वाजू लागला, की साडेआठपर्यंत फोन आणि टीव्ही दोन्ही बंद. आशाताई, अंगणवाडीच्या ताई आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरून आठवण देत. एकट्या मुलाचा फोन हिसकावला तर ते रुसते. सारी आळीच बंद म्हटल्यावर रुसायचे कोणावर?

आपल्याकडे देवळावर भोंगा बसवा असे मी म्हणत नाही. आपल्या अध्यक्षीणबाईंचा आवाजही पुरेसा आहे. मात्र एक काम आजच करता येईल. मघाशी मुलींनी जो सुंदर नाच केला, त्याचे फोटो निघाले आहेत आणि चिटणीसबाई ते रात्री ग्रुपवर टाकणार आहेत. त्याआधी त्या मुलींना आणि त्यांच्या आयांना विचारावे. बहुतेक आया मागच्या रांगेत बसल्या आहेत. एक-दोघी आलेल्या नाहीत, त्यांना उद्या विचारू. तोवर फोटो थांबले तरी चालतील. आता चहा तयार आहे असे खुणावत आहेत, तेव्हा मी थांबते.