वर्ड मध्येच बंद पडतं तेव्हा

रेडिओ केंद्राने मला विषय दिलाय ‘कार्यालयातील संगणकाची निगा’. एवढं सगळं या वेळेत मावायचं नाही. म्हणून एकच कटकट घेतो: टाइप करता करता वर्ड आपोआप बंद पडणं.

कॉम्प्युटर आपल्याकडे नवा नाही. देशातला पहिला आधार क्रमांक आपल्या शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला, २९ सप्टेंबर २०१० ला. आता धडगाव-अक्कलकुव्याकडचा ग्रामसभेचा ठराव असो की वनहक्काच्या दाव्याचं पत्र, कोणीतरी ते कॉम्प्युटरवरच टाइप करतं. दोन पानं होतात आणि खिडकी गायब! मग एकच सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मारा.’ अहो, थांबा. ते शेवटचं औषध.

आधी पाहा, दोष फाइलचा की प्रोग्रामचा. पुन्हा सांगतो, फाइलचा की प्रोग्रामचा? कोरी फाइल उघडून चार ओळी टाइप करा. नीट चाललं तर जुनी फाइल बिघडलीय. शेवटचं परिच्छेदचिन्ह सोडून बाकी मजकूर नव्या फाइलीत घ्या. कोरी फाइलही बंद पडली, तर कंट्रोल दाबून धरून वर्ड उघडा. ‘सेफ मोड’मध्ये उघडू का, असं ते विचारेल. हो म्हणा. तिथे ॲड-इन, म्हणजे वर्डला जोडलेले छोटे जादा प्रोग्राम, बाजूला राहतात. तिथे नीट चाललं, तर ॲड-इन एकेक करून बंद करा. एकेकच बरं का, नाहीतर नेमका कोणता ते कळायचं नाही.

आता माझा आवडता संशयित, प्रिंटर! हसू नका. ओळ कुठे मोडायची, पान कुठे संपवायचं, हे ठरवताना वर्ड निवडलेल्या प्रिंटरची माहिती घेतं. तो प्रिंटर शेजारच्या खोलीत बंद असतो, नाहीतर केव्हाच भंगारात गेलेला असतो. यादीत मात्र अजून तोच निवडलेला. वर्ड त्याच्या उत्तराची वाट पाहत बसतं. स्क्रीन पांढुरकी होते, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येतं, आपण वैतागून दहादा क्लिक करतो. त्यापेक्षा डिफॉल्ट प्रिंटर म्हणून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडा. काम सुरळीत झालं, तर प्रिंटरचा ड्रायव्हर नव्याने टाका. कितीतरी ठिकाणी दुखणं एवढंच निघतं.

आणि एक तक्रार माझीही. बंद पडताना खिडकीत काहीतरी लिहून येतं. ते न वाचता तुम्ही ओके दाबता आणि मला फोनवर सांगता, ‘सर, इंग्रजीत काहीतरी आलं होतं.’ अहो, लग्नातल्या ताटाचा फोटो काढता, तसा त्या खिडकीचाही काढा की!

मराठीसाठी टायपिंगचे दोन-दोन जुने प्रोग्राम एकदम चालू ठेवू नका. विंडोजमध्येच मराठी कीबोर्ड आहे, युनिकोडमध्ये टाइप करा. व्होल्टेज आणि धूळ राहूनच गेली; काचेपलीकडून खूण होतेय. तेवढं फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन काम आपोआप राखून ठेवणाऱ्या ऑटोरिकव्हरचे दहा मिनिटांचे दोन करा. आणि हात रिकामा झाला की कंट्रोल-एस.