पाऊस वहीत उतरवा

पडद्यामागे मेकअप करून ताटकळलेल्या बालमित्रांनो,

तुमचं कोळीनृत्य माझ्या भाषणानंतर आहे, हे कार्यक्रमपत्रिकेत पाहिलं. तेव्हा फार लांबवत नाही.

मघाशी तुम्ही पाण्यावरचं पथनाट्य केलंत. छान झालं. नातवाचा कान धरून नळ बंद करायला लावणारी आजी तर फारच छान! पण मला सांगा, या शाळेच्या छपरावर पावसाळ्यात पाणी पडतं किती? गप्प बसलात. चला, गणित करू. 1 चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी होतं. छप्पर 200 चौरस मीटरचं धरू. पाऊस आपल्या माणदेशातला, वर्षाला 500 मिलिमीटर धरू. दोनशे गुणिले पाचशे, 1,00,000 लिटर! त्यातलं काही उडतं, काही सांडतं, ते सोडून द्या. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली, तेव्हा पहिल्या खेपेला 10 वाघिणींतून साधारण 5 लाख लिटर पाणी गेलं. म्हणजे अशा पाच शाळांच्या छपरांवर पडणारं.

त्याच वर्षी वरुड, अंबाजोगाई आणि आपल्या जिल्ह्यातलं कोरेगाव, अशा तीन तालुक्यांत पाणी अडवण्या-मुरवण्याची पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी कोरेगावच्या वेळूने बाजी मारली, 2018 ला आपल्या माणमधल्या टाकेवाडीने. टीव्हीवर तुम्ही पाहिलं ते श्रमदान, टोपल्या, घमेली. मला मोलाचं वाटतं ते त्याआधीचं प्रशिक्षण. गावातली माणसं, त्यांत बायकाही, शिकायला जात आणि ए-फ्रेम वापरायला शिकून येत. तीन काठ्या, एक दोरी, एक दगड, एवढंच ते यंत्र. त्याचे दोन्ही पाय समपातळीत आले की लोंबणारी दोरी आडव्या काठीवरच्या खुणेवर स्थिर होते. मग एक पाय तिथेच ठेवून दुसरा फिरवायचा, पुन्हा खूण जुळवायची. पाय टेकले ते ठिपके फक्कीने जोडत गेलं की डोंगराच्या अंगावर समपातळीची रेषा उमटते. त्या रेषेवर चर खणला तर पाणी त्यात सगळीकडे सारखं थांबतं आणि मुरतं. चर जरासा उताराला गेला की त्याचा पाट होतो आणि पाणी माती घेऊन पळतं. बंधाऱ्यांचे फोटो सगळे काढतात. या दोरीचा फोटो कुणी काढत नाही, म्हणून तिच्याबद्दल इतका वेळ बोलतोय. सातवीतली मुलगी ए-फ्रेम धरू शकते. तिच्या आजोबांना नुसत्या नजरेने उतार कळतो. दोघांनी मिळून एक चर आखला, तर कोण कुणाला शिकवतंय ते सांगता यायचं नाही.

आता पालकांसाठी थोडं कडू. पाणी अडवायला गाव चटकन गोळा होतं, कारण त्यात कुणाचं काही जात नाही. वापराचा विषय काढला की लोकांना अचानक घरची कामं आठवतात. माझी नोकरी भूजलाच्या कामात गेली. पायाखाली आपल्याकडे काळा बेसाल्ट आहे. पाणी मावतं ते त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात, फार नाही. गावाने राबून मुरवलेलं पाणी चार नव्या बोअर दोन हंगामांत उपसू शकतात. बाजूला ऊस उभा राहिला, तर विचारूच नका.

म्हणून हिवरे बाजार वेगळं. पोपटराव पवारांच्या या गावात शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, असं गावाने ठरवलं आणि पाळलं. पावसाळा सरला की पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी पाहून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे येतो, आणि कोणतं पीक किती घ्यायचं ते त्यावर ठरतं. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखेंनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथे जमीन कुणाकडे किती, हे न बघता घरातल्या माणसांवर पाण्याचा वाटा ठरला. भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला पाणी नाही. साळुंखे मूळचे अभियंते. पुण्यात त्यांचा कारखाना होता, अचूक मोजमापाची साधनं बनवणारा. मला यात नवल वाटत नाही. मोजल्याशिवाय वाटणार काय?

तेव्हा प्रभातफेरी काढा, घोषणा द्या, 22 मार्चला जलदिन साजरा करा, माझी हरकत नाही. पण मी येताना एक पर्जन्यमापक आणि एक लांब टेप आणलाय. पर्जन्यमापक मैदानात, झाडा-भिंतींपासून दूर बसवा. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला वाचायचा, हवामान खात्याचीही तीच वेळ. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचं, रकाना मोकळा सोडायचा नाही. टेप विहिरीसाठी. गावातल्या चार विहिरी निवडा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरला पाणी काठापासून किती खाली आहे ते मोजा. विहिरीवर मुलांनी एकटं जायचं नाही. टेप आई-बाबांनी किंवा शिक्षकांनी सोडायचा, वही मुलांनी धरायची. विहिरींची पहिली नोंद याच महिन्यात होऊ द्या, पावसाची वाट पाहू नका.

ही वही शाळेच्या कपाटात जाऊन चालणार नाही. 2 ऑक्टोबरला ग्रामसभा असते. त्या वेळी नववीतल्या दोघांनी उभं राहून ती वाचायची, आणि रब्बीची चर्चा त्यानंतरच सुरू करायची. सरपंच पहिल्या रांगेत आहेत. आत्ता त्यांनी मान हलवली, ती तुम्ही सगळ्यांनी पाहिलीत ना? मुख्याध्यापिका बाई, इतिवृत्तात लिहून घ्या. आणि आता कोळीनृत्य होऊ द्या.