सायलेन्सर बदलताना

आदिलाबादहून इंद्रवेल्लीमार्गे उटनूरकडे जाणाऱ्या डोंगराळ वाटेवर, मागे माणूस आणि पुढे धान्याचे पोते घेऊन निघालेल्या तरुणाला आपल्या मोटारसायकलीत अधिक शक्ती हवीशी वाटावी, यात नवल नाही. मात्र ती तो नव्या सायलेन्सरच्या रूपाने विकत घेऊ पाहतो, आणि कापसाचे पैसे मोजून पुष्कळदा त्याच्या पदरी पडतो तो नुसता आवाज!

नळीच्या आकाराला महत्त्व नाही असे नव्हे. पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याचे वाल्टर काडेन यांनी १९५० नंतरच्या दशकात टू-स्ट्रोक एंजिनाची नळी मध्ये फुगीर व टोकाशी निमुळती केली. दाबाची लाट त्या निमुळत्या भागावरून उलट फिरे आणि निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरात लोटी. १९६१ पर्यंत त्यांच्या १२५ सीसी एंजिनाने २५ अश्वशक्ती दिली. पण ही किमया एंजिन वेगाने फिरत असतानाच साधे. चढावरील मंद गतीत तिचा उपयोग नाही.

आजच्या फोर-स्ट्रोक गाडीत तर केवळ शेपटाकडचा डबा बदलून फारसे काही हाती लागत नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत जेट न बदलल्यास पेट्रोल अपुरे पडून एंजिन तापते. २०२० पासूनच्या गाड्यांत धूर शुद्ध करणारे साधन नळीतच असते. ते काढणे कायद्याच्याही विरुद्ध आहे. त्यापेक्षा हवेची जाळी, टॅपेट आणि नळीचा गळका सांधा आधी पाहून घ्यावा. गेलेली शक्ती बहुधा तेथेच सापडते.