समाजाचे नाव लिहिताना
(चोळपुरम् येथील भाषण)



येथून जवळच, कुंभकोणम् येथे, १८२८ साली सर टी. माधवराव जन्मले. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद त्यांनी भूषविले. जुन्या इंग्रजी लेखनात त्यांच्यासारख्यांना ‘मराठा ब्राह्मण’ म्हटलेले आढळते. अनुवाद करताना मीही प्रथम तेच शब्द उतरविले, आणि तेथेच फसलो. त्या इंग्रजीत ‘मराठा’ कोणाही मराठीभाषकास लागे. आजच्या मराठीत ते एका जातीचे नाव आहे.

मग काय लिहावे? तमिळ शेजाऱ्यांचा ‘रायर’ हा शब्द ब्राह्मणांपुरताच. ‘तंजावरचे मराठे’ म्हटले, की व्यंकोजीराजांचे घराणे आणि त्यांची फौजच डोळ्यांसमोर येते. ‘मराठी बांधव’ हा तर सभेतला शब्द. त्यात भगिनी कोठे आहेत? अमेरिकेतील विद्यापीठांत ‘लॅटिनो’ विद्यार्थ्यांचे बंधुसंघ व ‘लॅटिना’ विद्यार्थिनींचे भगिनीसंघ आहेत. त्यांविषयी एकत्र लिहिणाऱ्या अभ्यासकांपुढे हाच पेच असतो. पुल्लिंगी शब्दात दोघांना कोंबावे काय? तंजावरचे राज्य १८५५ साली संपले. भाषा घरांत उरली. घरातल्या भाषेविषयी लिहिताना स्त्रियांना शब्दाबाहेर ठेवणे मला पटेना.

अखेर ‘तंजावरी मराठीभाषक’ हा शब्द मी पत्करला. तो लांब आहे, कानाला फारसा गोडही नाही. मूळ कागदांतील ‘मराठा’ अवतरणचिन्हांत तसाच ठेवला. जात सांगणे आवश्यक तेथे ती स्वतंत्रपणे सांगितली. माधवरावांपुरते ‘देशस्थ’ असे लिहिले.