आईचा पसारा, मुलाचं प्रदर्शन



घरातली बाई आयुष्यभर जे जपून ठेवते त्याला घरचे ‘पसारा’ म्हणतात. असाच एक पसारा २००५ साली बीजिंगच्या कलादालनात मांडला गेला. त्याविषयी आज बोलायचं आहे.

चिनी कलावंत सोंग दोंग याची आई झाओ श्यांगयुआन. तिचा जन्म १९३८ चा, संसार टंचाईतला. कापड, साबण सगळं कूपनावर. ‘काही वाया घालवू नका’ ही त्या पिढीची शिस्त. म्हणून कापडाचे तुकडे, रिकाम्या बाटल्या, टूथपेस्टच्या ट्यूबा, जुने जोडे तिनं सांभाळले. २००२ साली नवरा गेला आणि मग ती काहीच टाकू देईना.

मुलानं घर रिकामं करण्याऐवजी आईलाच सोबत घेतलं. दहा हजारांहून जास्त वस्तू, घराच्या लाकडी सांगाड्यासह, प्रदर्शनात आल्या. त्या लावायला आई होती. बघायला येणाऱ्यांशीही ती बोलायची.

त्यात साबणाच्या वड्या आहेत. पुढे मुलांना साबण मिळाला नाही तर, या धास्तीनं तिनं त्या साठवल्या आणि मुलाच्या लग्नात त्याला दिल्या. त्याच्याकडे कपडे धुवायला मशीन होतं! चीन एका पिढीत किती बदलला, हे त्या वाळलेल्या वड्या सांगतात. टंचाईत काटकसरी म्हणून जिचं कौतुक होतं, तीच बाई सुबत्तेत जुनाट ठरते. बाई तीच. बदलली ती सरकारची धोरणं, बदलला तो बाजार. या बदलाचा हिशेब मात्र तिच्या कपाटात साठतो.

आता प्रश्न नावाचा. २००९ साली ही मांडणी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये झाली. आई त्याच वर्षी आधी वारली होती. सोंग दोंग तिला सहकलावंत मानतो. प्रदर्शनाच्या शीर्षकात मात्र नाव त्याचं एकट्याचं.

या आईचे गोडवे गायला मी उभी नाही. रिकामी ट्यूबसुद्धा जपावी लागणं ही काही कौतुकाची गोष्ट नव्हे. पण टंचाईचा इतिहास लिहिताना योजना आणि पुढारी नोंदले जातात. घर चालवणारीची अक्कल नोंदली जात नाही. बायकांच्या आठवणी, वस्तू आपण गोळा करू तेव्हा त्या तिच्याकडूनच समजून घेऊया, ती असतानाच. आणि वर नाव तिचं घालूया.